हौशी कारागिराला हत्यार भेट देताना

हौशी कारागीर म्हणजे सुताराची मजुरी वाचावी म्हणून तिच्या दुप्पट किमतीची हत्यारे बाळगणारा गृहस्थ. भूमसारख्या तालुक्याच्या गावात त्याला भेट देताना आधी भिंत पाहावी, मग दुकान गाठावे. जुन्या माळवदाच्या घराची भिंत दगड-मातीची असते. तिला हॅमर ड्रिल लावले, की 6 मिलिमीटरच्या भोकातून मूठभर माती गळते, प्लग सैल बसतो आणि घड्याळ मुकाट्याने जुन्या खुंटीवर परत जाते. नव्या आरसीसी घरात तेच यंत्र कामाचे. मात्र सोबत काँक्रीटचे बिट द्यावे, नाहीतर लाकडाचे बिट पहिल्याच भोकात बोथट होते.

ओळंबा, लेव्हल पट्टी आणि टेस्टर यांचे कौतुक कमी, उपयोग जास्त. करवत शक्यतो देऊ नये. पहिला बळी घरच्या पाटाचाच जातो. खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. त्या दिवशी ड्रिललाही हळदकुंकू लागते; बऱ्याच घरांत वर्षभरात त्याच्या वाट्याला येणारे काम तेवढेच.

सर्वांत उपयुक्त भेट म्हणजे चांगल्या मिस्त्रीचा मोबाइल नंबर. तो मात्र कारागिराला न देता कारभारणीच्या हाती द्यावा.