पिनेच्या भरवशावर

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-संकेश्वर रस्ता उसाच्या ताब्यात जातो. तवंदी घाटात पुढे डबल ट्रॉली लागली, तर घाईच्या माणसाने हॉर्नवरचा हात काढून घ्यावा आणि निवांत बघत राहावे. शिवारच उठून चढाला लागल्यासारखा ऊस डुलत असतो. वळणावर दोन ट्रॉल्यांमधली फट उघडते आणि दिसते, की हा सारा पसारा एका लोखंडी पिनेवर चालला आहे. त्या पिनेचा खटका कधीच हरवलेला असतो. त्याच्या जागी कुंपणाची तार पिळलेली असते.

लहानपणी निपाणीच्या वखारींकडे तंबाखूची बोदं घेऊन जाणाऱ्या बैलगाड्या पाहिल्या. माल मागे जास्त झाला तर गाडी उलाळ व्हायची, पुढे झाला तर जू मानेवर बसायचे. गाडीवान बोदं रचताना अधूनमधून बैलांच्या चेहऱ्याकडे बघून घेई. दोन चाकांच्या ट्रॉलीचे गणित तेच आहे. तिचा थोडा भार ट्रॅक्टरच्या हुकावर येतो, त्याने मागची चाके जमीन धरतात. तो भार फार झाला की चढाला पुढची चाके हलकी होऊन स्टिअरिंग नुसतेच फिरू लागते. हूक मागच्या आसापेक्षा वर असला, तर ओढताना ट्रॅक्टर मागच्या मागे उलटायला बघतो. फक्त ट्रॅक्टरला चेहरा नसल्याने हे आधी कळत नाही. चार चाकांची, टर्नटेबलवाली ट्रॉली मानी. स्वतःचे ओझे स्वतः वाहते, ट्रॅक्टरकडे मागते ती फक्त ओढ. पण तिला मागे घ्यायचे म्हणजे रुसलेल्या जावयाला पंगतीला बसवणे. अशा दोन एकामागे एक असल्या, की भलेभले ड्रायव्हर खाली उतरून आधी तंबाखू मळतात.

युरोपात मोटारीमागची फिरती घरे ५० मिलिमीटरच्या गुळगुळीत गोळ्यावर अडकवतात म्हणे. दिसायला देखणे. आमच्या उसाच्या फडातल्या चाकोरीत तो गोळा किती दिवस गुळगुळीत राहील, ही शंकाच आहे. इथे पिनेच्या भोकात बोटभर ढिलाई लागते. कारखान्याच्या वजनकाट्यापुढच्या रांगेत एका ड्रायव्हरला विचारले, "पिन एवढी खडखडते, घट्ट का बसवत नाही?"

"ढिली हाय म्हणून तर वळतीया मास्तर. घट्ट केली तर दांडाच मोडंल की."

मग नंबरपाट्यांकडे लक्ष गेले. ट्रॅक्टर एमएच-०९, मागची ट्रॉली केए-२३. कोल्हापूर आणि चिक्कोडी. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी-चिक्कोडीचा हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्याला जोडला गेला, सीमावादावर महाजन आयोग होऊन गेला, २००४ पासून त्याचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. आणि इथे रांगेत दोन राज्ये एका पिनेत अडकून, ऊन खात, आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत उभी होती. मला राहवले नाही.

"मग ही गाडी कुठल्या राज्यातली म्हणायची?"

"पुढची तिकडची, मागची इकडची. ऊस, जो दर देईल त्याचा." त्याने तंबाखूची चिमूट ओठात सारली आणि सीटवर चढला. "जरा बाजूला व्हा मास्तर, मागं घ्यायचीया."

मी चांगला लांब, चहाच्या टपरीपलीकडे जाऊन उभा राहिलो.