वसूलकर जोडीने जातात

वसूलकर हे आडनाव कुठल्या सोसायटीच्या पाटीवर सापडायचं नाही, पण माणूस प्रत्येक सोसायटीत असतो. चेंबुरात जरा जास्तच. टिळकनगर घ्या, पेस्तम सागर घ्या, घाटला घ्या. इमारत पुनर्विकासाला निघालेली असते, बिल्डरचा माणूस रंगीत नकाशा उलगडून स्विमिंग पूल कुठे येणार ते दाखवत असतो, आणि मागच्या रांगेतून आवाज येतो, "ते राहू द्या. कार्पेट भिंतीसकट मोजलंय की भिंतीशिवाय?" तो आवाज वसूलकरांचा.

वसूलकर कंजूष नाहीत, हे आधीच सांगून टाकतो. कंजूष माणूस पैसे सोडतच नाही. वसूलकर सोडतात, आणि मग त्या पैशांच्या मागे लागतात. बुफेत ते पापडाला हात लावत नाहीत. पापड घरी असतो, शिवाय पोटात जागा अडवतो. दोन अंकी नाटकाला गेले तर मध्यंतराला घड्याळ बघतात; दुसरा अंक आखूड निघाला की घरी येईपर्यंत नाटककाराचं काही खरं नसतं. याउलट डायमंड गार्डन घरापासून पाच मिनिटांवर, झाडं छान, बाकडी छान. पण वसूलकर तिथे जेमतेम एक फेरी मारतात. तिथे तिकीट नाही. तिकीटच नाही म्हटल्यावर माणसाने वसूल काय करायचं?

त्यांच्या आयुष्यातला सुवर्णकाळ म्हणजे २०१४ सालचा फेब्रुवारी महिना. देशातली पहिली आधुनिक मोनोरेल चेंबूरहून सुटली, ती दोन तारखेला लोकांसाठी खुली झाली आणि अख्खी मुंबई आमच्या स्टेशनाबाहेर रांगेत येऊन उभी राहिली. कामाला जाणारं त्या गाडीत कोणी नव्हतं. लोक पोरांना खांद्यावर घेऊन चक्कर मारायला आले होते, जत्रेतल्या पाळण्यात बसायला यावं तसे. तिकीट कमीत कमी पाच रुपये, वडाळा डेपोपर्यंत अकरा. नऊ किलोमीटरला थोडं कमी अंतर, सगळं हवेतून, खाली खत कारखान्याची वसाहत, पलीकडे माहुलच्या तेलाच्या टाक्या, आणि वळणावर गाडी अशी काही कलते की पोटात गोळा यावा. वसूलकर वहिनींना घेऊन वडाळ्याला गेले, फलाटावर उतरले, पुन्हा तिकीट काढून परत आले. तेव्हापासून मौजेचं त्यांचं माप ठरून गेलं. एक मोनो म्हणजे अकरा रुपये. कुठल्याही आनंदाची किंमत ऐकली की ते तिला मनातल्या मनात अकराने भागतात. मल्टिप्लेक्सचं तिकीट ऐकून "म्हणजे पस्तीस मोनो!" असं ते दचकून म्हणाले, तेव्हा तिकीट खिडकीवरच्या मुलीला काही कळलं नाही. आम्हाला कळलं.

पुढे २०२५च्या ऑगस्टात भर पावसात तीच मोनोरेल मैसूर कॉलनीजवळ बंद पडली, माणसं कलंडलेल्या डब्यात ताटकळली आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून त्यांना उतरवलं. तेव्हा सगळं चेंबूर हळहळलं. वसूलकरही हळहळले. फक्त जिन्यात मला गाठून हळूच म्हणाले, "असं लटकवायचे पार्कात केवढे घेतात, माहितीये?"

पार्काबद्दल ते अधिकारवाणीने बोलतात, कारण आदल्या वर्षीच्या डिसेंबरात ते स्वतः जाऊन आले होते. पंचविसाव्या लग्नाच्या वाढदिवसाला पुण्याच्या मुलीने आईबाबांना खोपोलीच्या इमॅजिकाची दोन तिकिटं पाठवली. मोबाइलवर तिकीट आलं, त्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं, पण रक्कम कुठेच आली नाही. वसूलकरांनी फोन करून विचारलं, "कितीला पडलं?" मुलगी म्हणाली, "बाबा, गिफ्टची किंमत विचारतात का?" इथून त्यांची झोप उडाली. भाज्यच माहीत नाही तर भागाकार कशाचा करायचा? जगात येणं किती आहे हे ठाऊक नसताना वसुलीला निघालेला हा पहिलाच माणूस असावा.

नव्या नवलाईत हे दोघं एकदा गोराईला एस्सेल वर्ल्डला गेले होते. १९८९ साली सुरू झालेलं ते पार्क म्हणजे आमच्या पिढीची परदेशवारीच होती. बोरिवलीपर्यंत लोकल, पुढे खाडी, खाडीत बोट. बोटीचे पैसे वसूल करायला वसूलकर जाता-येता उभे राहिले. उभं राहिलं की जास्त दिसतं. दिवसभर त्यांनी वहिनींना इतकं गरगर फिरवलं की परतीच्या बोटीत वहिनी काठावर ओणव्या आणि हे पाठीवरून हात फिरवत कुठली राइड कितीला पडली ते सांगताहेत. तेव्हा वहिनी काही बोलल्या नव्हत्या, लग्न नवीन होतं.

खोपोलीला बसने जायचं की स्वतःच्या गाडीने, यावर तीन रात्री खल झाला. शेवटी गाडी जिंकली, कारण दोन महिन्यांपूर्वीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, मुंबईच्या पाचही नाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला होता. वाशीच्या नाक्यावरून पैसे न देता सुटण्याचं सुख त्यांना अजून नवं होतं. पहाटे निघाले. मैत्री पार्कला आले तर तिथे नेहमीसारखी पुण्या-पनवेलला जाणारी माणसं बॅगा पायाशी ठेवून उभी. वसूलकरांनी गाडीचा वेग कमी केला. मागची सीट रिकामी होती. त्यांनी काच अर्धी खाली घेतली आणि त्यांच्या ओठांवर 'पनवेल' हा शब्द आलेला वहिनींना दिसला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "आपला लग्नाचा वाढदिवस आहे."

काच वर गेली.

बाहेरचं खाणं आत नेता येत नाही हे ठाऊक असल्याने वहिनींच्या तिखटमिठाच्या पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी सकाळी साडेनऊला पार्किंगमध्येच, बॉनेटवर वर्तमानपत्र पसरून संपवण्यात आली. "दुपारचं आत्ताच जेवून घे," असं वसूलकरांचं धोरण. दाराशी पर्स तपासणाऱ्या मुलीने एक डबी उघडली. "ये क्या है?" वहिनींनी शांतपणे सांगितलं, "औषध." आवळासुपारी होती. मुलीने वास घेतला, तिच्या डोळ्यांत ओळख दिसली. वहिनींनी चिमूटभर तिच्या हातावर ठेवली आणि औषध आत गेलं.

तोवर वसूलकर तिकीट खिडकीवरचा फलक वाचून परत आले होते. चेहरा उजळलेला. भाज्य मिळालं होतं! पार्किंगच्या पावतीमागे त्यांनी आकडा लिहिला, दुप्पट केला, अकराने भागला, भुवया उंचावल्या आणि वहिनींचा हात धरून जवळजवळ धावतच सुटले. पंचवीस वर्षांत त्यांनी असा चारचौघांत हात धरला नव्हता, असं वहिनी सांगतात. क्षणभर त्यांना बरं वाटलं.

नायट्रो हा इथला मोठा रोलरकोस्टर. पायाखाली फळी नाही, पाय मोकळे लोंबतात, आणि गाडी माणसाला पाच वेळा उलटा करते. रांग नागमोडी, दीडेक तासाची. एक्स्प्रेस तिकीट घेतलं तर रांग टळते, पण वसूलकर त्याच्या तात्त्विक विरोधात आहेत. "रांगेत उभं राहायचं नाही म्हणून जादा पैसे द्यायचे? मग घरी बसलेलं काय वाईट? तिथेही रांग नसते." रांग सरकत होती. फलाटाच्या तोंडाशी आल्यावर कामावरचा मुलगा गाडीकडे बघून ओरडला, "एक सीट खाली है! कोई सिंगल है क्या? सिंगल?"

वसूलकरांचा हात आपोआप वर गेला.

"सिंगल! मैं सिंगल!"

मागच्या कॉलेजातल्या पोरांनी शिट्टी मारली. वहिनी शेजारी उभ्या होत्या, गळ्यात मंगळसूत्र, केसांत वाढदिवसाचा गजरा. वसूलकरांनी त्यांच्या ओंजळीत चष्मा दिला, मोबाइल दिला, घड्याळ, पाकीट, गाडीची किल्ली आणि कानटोपी दिली, आणि भिवंडीहून आलेल्या एका पोराशेजारी जाऊन बसले. चपला काढून पलीकडे ठेवायला सांगितल्या होत्या. नवी कोल्हापुरी. पुढच्या पाच कोलांट्या वसूलकरांनी मान वळवून फलाटाकडे बघण्यात घालवल्या. आभाळ कुठे, जमीन कुठे याचा पत्ता नव्हता, पण चपला कुठे याचा पक्का होता.

आणि एकदा ही युक्ती सापडली म्हटल्यावर काय! सिंगल म्हटलं की रांग अर्धी. जिथे जिथे एक जागा रिकामी तिथे तिथे वसूलकर उडी घेऊ लागले. माणूस सिंगल, सामान मात्र जोडीचं. वहिनी प्रत्येक राइडच्या दाराशी देवळाबाहेरच्या चपलवालीसारख्या त्यांचा ऐवज सांभाळत उभ्या. अलीबाबाच्या गुहेत तेवढ्या दोघं शेजारी बसली, कारण तिथे बंदूक प्रत्येकाला वेगळी मिळते. वसूलकर एकेका चोरावर दोनदोनदा नेम धरत होते, गोळ्यांचे पैसे वेगळे लागत नाहीत म्हणून. गुण वहिनींचे जास्त झाले.

राजासॉरसच्या बोटीत भिजायला होतं म्हणून लोक तिथे प्लास्टिकचे रेनकोट विकत घेतात. वसूलकरांनी डिसेंबरच्या उन्हात पिशवीतून पावसाळी विंडचीटर काढून चढवला. वर माहितीही दिली, की राजासॉरस हा काही परदेशी डायनासोर नाही, आपला आहे, नर्मदेच्या खोऱ्यातला, शास्त्रज्ञांनी २००३ साली त्याला नाव दिलं. "आपला असून एवढं भिजवतो?" म्हणून वहिनी साडी पिळत उतरल्या. विंडचीटर एकच आणला होता.

साडेतीनच्या सुमाराला वसूलकर एका कठड्यावर बसले, पावती काढली, शेवटचा आकडा मांडला, खाली दोन रेघा ओढल्या आणि म्हणाले, "फिटलं."

"काय फिटलं?"

"तिकीट. दोघांचं. आता इथून पुढे सगळं फुकट."

वाटेल की आता माणूस मोकळा झाला, आता खरी मजा. पण वसूलकरांच्या घडणीत तसली सोयच नाही. फुकट म्हटल्याबरोबर त्यांच्या अंगातलं वारं गेलं. जांभया सुरू झाल्या. गुडघा आठवला. आतापर्यंत दिसलाही नव्हता तो सह्याद्रीचा डोंगर त्यांना समोर दिसला आणि "छान आहे, निघू या, पुढे कळंबोलीला ट्रॅफिक लागेल" असं ते म्हणाले. पार्काचं डायमंड गार्डन झालं होतं.

वहिनींनी पर्स त्यांच्या मांडीवर ठेवली. वर स्वतःचा मोबाइल, चष्मा, बांगड्या, आवळासुपारीची डबी आणि ओला विंडचीटर. "धरा हे." सकाळीच ड्रेस आणला असता तर बरं झालं असतं, असं पुटपुटत त्यांनी पदर करकचून खोचला, निऱ्या सेफ्टी पिनांनी पक्क्या केल्या आणि नायट्रोच्या रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. तासाभराने तोच मुलगा ओरडला, "कोई सिंगल?"

"सिंगल," वहिनी म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. त्यांचा आवाज मुळात मोठा नाही.

त्या दोनदा बसल्या. मग पोरांच्या घोड्यांच्या चक्रातही बसल्या, जिथे वसूलकरांच्या हिशेबाने ताशी मोनो फारच कमी पडत होते. मिरवणूक निघाली ती पुढे जाऊन पाहिली. मध्ये एकदा येऊन पर्समधून पैसे घेऊन गेल्या आणि मक्याचं कणीस खात परत आल्या, एकच. वसूलकर बांगड्या सांभाळत बसले होते. शेजारच्या बाकड्यावरही एक गृहस्थ लेडीज पर्स घेऊन बसलेले दिसले. दोघांनी एकमेकांकडे पाहून न पाहिल्यासारखं केलं.

परतीच्या वाटेवर, पनवेलच्या अलीकडे, मुलीचा फोन आला. स्पीकरवर होता. "मजा आली का?" वसूलकरांनी छाती फुगवून सांगितलं, "साडेतीनलाच फिटलं! त्यापुढचा नफा." मुलगी हसली. म्हणाली, "अहो बाबा, फिटायचंय काय त्यात? कंपनीने सगळ्यांना दोन-दोन कूपनं वाटली होती. मी तरी कुठे पैसे दिले?"

तिथून वाशीच्या खाडीपर्यंत वसूलकर बोलले नाहीत. टोलनाका आला, गाडी न थांबता सुटली, तरी चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मानखुर्द मागे पडल्यावर ते म्हणाले, "आधी सांगितलं असतं, तर सकाळपासूनच बसलो असतो."

वहिनींना हे आधीपासून माहीत होतं. मुलीने त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. आमच्याकडे चहाला आल्या तेव्हा मी विचारलं, मग बोलला का नाहीत? वहिनींनी बशीत चहा ओतला.

"बोलले असते तर हे म्हणाले असते, फुकटच आहे ना, मग जाऊ कधीतरी."