वक्ता गैरहजर

अमेरिकी कायद्याची कुळकथा शोधायला आता वॉशिंग्टन गाठावं लागत नाही. काँग्रेस डॉट गव्ह उघडायचं, विधेयकाचा क्रमांक टाकायचा. २००९ सालचं एचआर ३५९० उघडलं. हाच तो ओबामांचा आरोग्य कायदा. पण मूळ मसुदा निघाला सैनिकांना घरखरेदीत करसवलत देणारा! कराचं विधेयक प्रतिनिधीगृहातूनच यावं लागतं; म्हणून सिनेटनं तिथून आलेला डबा ठेवला, आतली भाजी बदलली. नदीचं मूळ नि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, त्यात कायद्याची भर घालायला हरकत नाही.

बरं, सभागृहात कोण काय बोललं हे पाहावं, तर काँग्रेशनल रेकॉर्ड त्याहून गमतीदार. १८ ऑक्टोबर १९७२ च्या अंकात प्रतिनिधीगृहाचे सदस्य हेल बॉग्ज यांचं भाषण आहे. हे गृहस्थ १६ तारखेलाच अलास्कात विमानासकट बेपत्ता झालेले! न केलेलं भाषण आधीच लिहून देता येतं, एवढंच त्यातलं गूढ. १९७८ पासून अशा भाषणांना काळं टिंब लावू लागले. तारीख, पान, स्तंभ, सगळं एका क्लिकवर बिनचूक मिळतं. वक्ता तेवढा सभागृहात नव्हता.