केलोनाच्या दुकानदाराची जमाखर्चाची वही

केलोना, ब्रिटिश कोलंबिया

तीर्थरूप अण्णांस,



आपण मागील पत्रात हवापाण्याची चौकशी एका ओळीत उरकून ‘तुमच्या प्रांताचा कारभारी हिशेबाला कसा आहे’ असे जे विचारले, त्यावरून सेवानिवृत्तीनंतरही आपले चित्त ट्रेझरीच्या दप्तरातच रमलेले आहे याविषयी आम्हां उभयतांची खात्री पटली. हल्लीच्या कारभाऱ्यांचे राहू द्या. आपण ज्याचे दप्तर मागवून तपासावे असा गृहस्थ येथे पूर्वीच होऊन गेला, आणि तो आमच्याच गावचा.

विल्यम अँड्र्यू सेसिल बेनेट यांचा जन्म १९०० साली न्यू ब्रन्सविक प्रांतात झाला. शाळा अर्ध्यावर सोडून ते पश्चिमेकडे आले आणि १९३० साली केलोनात लोखंडी सामानाचे दुकान चालवू लागले. १९४१ साली कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणून विधानसभेत शिरले. पक्षाचे प्रांतिक नेतृत्व दोनदा मागून दोन्ही वेळा हाती आले नाही, तेव्हा पक्षास रामराम ठोकून, ज्याच्या तिकिटावर तोवर येथे एकही सभासद निवडून आला नव्हता अशा सोशल क्रेडिट पक्षात दाखल झाले. पक्षांतर म्हटले की आपल्या कपाळावर आठी उमटते हे जाणून आहे. पण पुढे वाचावे.

लिबरल व कॉन्झर्व्हेटिव्ह यांच्या संयुक्त सरकारने, समाजवादी निवडून येऊ नयेत आणि आपल्या मतदारांनी एकमेकांस दुसरी पसंती द्यावी, या हेतूने पसंतीक्रमाची मतपत्रिका काढली होती. १९५२ साली मोजणी कित्येक आठवडे चालली, आणि दुसऱ्या पसंतीची मते भलत्याच पारड्यात पडून ४८ पैकी सोशल क्रेडिटला १९ व समाजवाद्यांना १८ जागा मिळाल्या. वरात दारी आल्यावर नवरा निवडावा, तसा या पक्षाने आपला नेता निवडणुकीनंतर ठरवला, ते बेनेट. पुढल्या वर्षी बहुमत मिळताच ज्या पद्धतीने गादी दिली तीच त्यांनी मोडीत काढली, आणि एकंदर वीस वर्षे मुख्यमंत्रिपद, त्यांतील बहुतेक काळ अर्थखात्यासह, स्वतःकडे ठेवले.

आता आपल्या हिशेबाच्या प्रांतातली गोष्ट. १९५९ च्या १ ऑगस्टला प्रांत कर्जमुक्त झाल्याचे जाहीर करून त्यांनी सुमारे सात कोटी डॉलरांचे रद्द केलेले रोखे ओकानागन सरोवरातील तराफ्यावर रचले, आणि होळी पेटवण्यासाठी स्वहस्ते जळता बाण सोडला. बाण चुकला, पेटवण्याचे काम तेथे तयार असलेल्या पोलिसाने केले. मौज अशी की सरकारी वहीतून वजा झालेले पुष्कळसे कर्ज रेल्वे, पूल, वीज यांच्या स्वतंत्र मंडळांच्या वह्यांत अलगद जाऊन बसले होते, आणि त्या मंडळांना जामीन कोण, तर हाच कर्जमुक्त प्रांत! आपल्या हाताखालच्या कारकुनाने अशी वर्गवारी केली असती तर आपण त्यास काय बक्षीस दिले असते?

तथापि त्यांना नुसते लबाड म्हणणे अन्यायाचे होईल. खासगी फेरीबोटी संपाने बंद पडल्या तेव्हा त्यांनी १९६० साली सरकारी फेरीबोटी सुरू केल्या, खासगी उद्योगाचा जयघोष करीतच १९६१ साली वीज कंपनी ताब्यात घेतली, आणि पीस नदीवर एवढे प्रचंड धरण बांधले की त्यास त्यांच्याच कारकिर्दीत त्यांचेच नाव देण्यात आले. त्या जलाशयाखाली मूळ रहिवाशांची वस्ती व शिकारीची राने गेली. त्या नुकसानीची उचित नोंद मात्र त्यांच्या कोणत्याच वहीत सापडत नाही, आणि हा दोष मला रोख्यांच्या तमाशाहून फार मोठा वाटतो.

१९७२ साली अखेर समाजवाद्यांनी त्यांचा पराभव केला. पुढल्या वर्षी त्यांच्या जागेवर चिरंजीव निवडून आले व १९७५ साली मुख्यमंत्रीही झाले. आम्ही रोज ज्या पुलावरून कचेरीत जातो त्यास त्या चिरंजीवांचे नाव आहे. हे ऐकून आपली सून म्हणाली, ‘मग आपण देश सोडला असे कशाला म्हणायचे?’

या कर्जमुक्तीवर आपला शेरा सविस्तर कळवावा. मातोश्रींस साष्टांग नमस्कार. मेतकूट पोचले, कस्टमवाल्यांनी हुंगून सोडले.

आपला आज्ञाधारक,
बाळ