तीनहजारी मनसबदार

गणपतीची आरती संपून मोदक हातात पडायच्या आत त्यानं मला खांबाआड ओढलं आणि दबक्या आवाजात विचारलं, "काका, एंटर कुठल्या बोटानं दाबता?"

"करंगळीनं."

"वाटलंच मला. आणि बाण? बाण दिवसातून किती वेळा लागतात?"

चेन्नईत दोन मराठी माणसं भेटली की काय विचारायचं हे ठरलेलं असतं. ऑफिस कुठं, ओएमआरला राहता की शहरात, आणि दिवाळीला कोण गाडीनं जाणार आहे, म्हणजे येताना बाकरवडी आणता येईल. बाणांचा हिशेब आजवर कुणी मागितला नव्हता. पण मोदक संपेपर्यंत मला एवढं कळलं, की हा मुलगा साताऱ्याचा, राहतो वेळचेरीला, दिवसा शोळिंगनल्लूरच्या कंपनीत कोड लिहितो, रात्री व्हॅलोरंट खेळतो, आणि दोन्हींसाठी मिळून त्याला एक कीबोर्ड घ्यायचाय. छोटा, मेकॅनिकल आणि स्वस्त.

"बजेट तीन हजार. वर एक रुपया नाही."

हे वाक्य तो असं उच्चारतो, की समोरच्यानं मुजरा करावा. शाळेच्या इतिहासात पंचहजारी, सप्तहजारी मनसबदार असायचे, त्यांच्यात हा शोभला असता. त्याचं खरं नाव माझ्या फोनमध्ये आहे, पण आमच्या घरी तो तीनहजारीच.

ही जात तुम्हाला नवी नाही. कुकर घ्यायच्या आधी ॲल्युमिनियम की स्टील यावर अख्ख्या चाळीचं मत घेणारे, पंख्याची पाती मोजणारे, गादीवर पालथं पडून बघणारे सगळे याच्याच गोत्राचे. फरक इतकाच, की ते शेवटी कुकर घेतात.

तीनहजारीनं माझ्यावर केलेले संस्कार थोडक्यात सांगतो. साध्या कीबोर्डच्या पोटात रबराची चादर असते आणि बटण तळाला टेकवावं तेव्हा अक्षर उमटतं. मेकॅनिकलमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच आणि स्प्रिंग. बटण चार मिलिमीटर खाली जातं, पण साधारण दोनवरच काम झालेलं असतं. उरलेले दोन मिलिमीटर हौसेचे. (हे वाक्य माझं. त्याला आवडलं नाही.) निळा स्विच टिकटिक वाजतो, लाल गुळगुळीत खाली जातो म्हणून खेळणारे तो घेतात, आणि तपकिरी मधला, ज्यांना ठरवता येत नाही त्यांच्यासाठी. ही रंगांची रीत चेरी या कंपनीनं पाडली. तिच्या एमएक्स स्विचचं पेटंट संपलं, गेटरॉन, कैल, ऑटेमू या चिनी कंपन्यांनी तसेच स्विच ढिगानं काढले, आणि म्हणून तीन हजारांत मेकॅनिकल कीबोर्डचं स्वप्न बघणं शक्य झालं. बघणं, असं मी मुद्दाम म्हणतोय.

मग आकाराचा प्रश्न. पूर्ण कीबोर्ड १०४ बटणांचा. उजवीकडची आकड्यांची वसाहत उठवली की ८७. आणखी दाटीवाटी केली की ८४. त्यातून वरची एफ-वन, एफ-टूची रांग काढली की ६८, आणि बाणही काढून टाकले की ६१. बाण गेले म्हणजे अगदीच गेले असं नाही. फंक्शनचं बटण दाबून धरलं की दुसऱ्याच कुठल्या तरी बटणात ते सापडतात. हा शोध प्रत्येक ओळीला लावावा लागतो. तरी कमी बटणांचा हट्ट का? तर खेळताना माउस ऐसपैस फिरवायला टेबल मोकळं हवं. हे मला पटलं. न पटलेली गोष्ट अशी, की त्याच्या यादीत बटणं जसजशी कमी होत गेली तसतशी किंमत वाढत गेली. ६८ बटणांचा कीक्रॉन बजेटच्या दुपटीपलीकडे. मी म्हटलं, एकच बटण ठेव, म्हणजे फ्लॅट विकावा लागेल. तो हसला नाही. वहीत काहीतरी लिहिलं.

खरेदीला, म्हणजे खरेदी न करायला, तो दर शनिवारी रिची स्ट्रीटला जातो. मी एकदा सोबत गेलो. मेट्रोनं गव्हर्नमेंट इस्टेटला उतरायचं, माउंट रोड ओलांडायचा, आणि नरसिंगपुरम स्ट्रीटच्या बाजूनं आत शिरायचं. दारांवर चार्जरच्या वायरी लोंबतायत, गाड्यावर रिमोटांचा ढीग, डोक्यावर मॉनिटरचं खोकं घेतलेला हमाल "वळी, वळी" ओरडत अंगावर येतोय. या गर्दीत एका जिन्यावर एका दारापेक्षा फार रुंद नसलेलं तीनहजारीचं नेहमीचं दुकान. दुकानदार ओळखीचा. आम्हाला बघून त्यानं न विचारता स्टूल पुढे केलं, आणि विधी असल्यासारखं विचारलं, "बजट एव्वळवु, सार?"

"मूणायिरम्," तीनहजारी म्हणाला. एवढी वर्षं चेन्नईत राहून हा एकच तमिळ शब्द त्यानं बिनचूक कमावलाय.

पुढचा तास तो पैठणीच्या दुकानात गादीवर बसलेल्या मावशीसारखा बसला. "हाच निळ्यात दाखवा. हा काळ्यात नको, पांढऱ्यात आहे? याचा काठ जाड आहे हो." रेडड्रॅगन उलगडला, रॉयल क्लज उलगडला. एकाचा स्पेसबार खडखडला. एकाची वायर निघत नव्हती. एकात सगळं होतं, पण किंमत तीन हजार दोनशे. "दोनशे मी घालतो," मी म्हटलं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला लाच देऊ केली होती.

शेवटी दुकानदारानं खालच्या फळीवरून एक लांबलचक काळं खोकं काढलं. टीव्हीएस गोल्ड. मेकॅनिकल, टिकटिकणारा, आणि कंपनी चेन्नईचीच. बँका, विमा कचेऱ्या, डीटीपीची दुकानं यांनी मेकॅनिकलची फॅशन यायच्या आधीपासून बडवलेला. किंमत? बजेटात.

तीनहजारीचा चेहरा उतरला. त्याचा अभ्यासच संपत होता. मग त्यानं मान वर केली. "१०४ कीज! माउस कुठं ठेवू, शेजाऱ्याच्या टेबलावर? आणि काका, हा बँकेतला आहे हो."

आम्ही रिकाम्या हातानं परतलो, असं मी म्हणणार होतो. पण जिना उतरताना त्यानं एक ब्रश घेतला, स्विच उपटायचा चिमटा घेतला, आणि क्रायटॉक्स नावाच्या वंगणाची बोटाच्या पेराएवढी बाटली घेतली.

"हे बजेटात धरायचं नाही," तो म्हणाला.

मनसबदाराला जात आणि सवार असे दोन आकडे असत. याची जात तीन हजारीच राहिली. सवार मात्र वाढत चाललाय. मनगटाखालची उशी, टेबलावर अंथरायचा पट्टा, जपानी अक्षरांची जादा बटणं (जपानी येत नाही), आवाज मऊ व्हावा म्हणून फोमचा तुकडा. यातलं काहीच बजेटात धरायचं नाही. मोगलाईत म्हणे काही सरदारांचे घोडे फक्त कागदावर असत. इथं खोगीर, लगाम, तोबरा सगळं हजर आहे, घोडा तेवढा यायचाय.

यातली सर्वात भयंकर वस्तू म्हणजे नऊ बटणांची पाटी. पारदर्शक प्लास्टिकच्या चौकटीत नऊ रंगांचे नऊ स्विच, नमुन्याला. ती कायम त्याच्या खिशात असते. मेट्रोत, लिफ्टमध्ये, डोशाची वाट बघताना त्याचा अंगठा तिच्यावर फिरत असतो. एकदा घरी येऊन त्यानं ती हिच्या हातात दिली.

"काकू, डोळे मिटा. आता एकेक दाबा. थॉक आवडतोय की क्लॅक?"

ती बिचारी हातातली कणीक पुसून डोळे मिटून बसली. नऊही दाबले. "पाचवं बरं वाटतंय. पण यानं होतं काय?"

"काही नाही. हे कशालाच जोडलेले नाहीत."

तिनं डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि त्याला जेवायला थांबवून घेतलं.

आमच्या गल्लीत, पश्चिम मांबलमला, एक टायपिंग इन्स्टिट्यूट आहे. चालवणारे रायर तंजावरकडचे मराठी. तमिळनाडूत टायपिंगची सरकारी परीक्षा वर्षानुवर्षं जुन्या यंत्रावरच होत आली. ज्युनियरला मिनिटाला ३० शब्द, सीनियरला ४५. टीएनपीएससीच्या ग्रुप फोरमधून टायपिस्ट व्हायचं तर हे प्रमाणपत्र लागतं, त्यामुळं सकाळी सहाला मुलींची रांग. तीनहजारीला मी तिथं नेलं ते निव्वळ सूड म्हणून. तो दारातच थबकला. बाकांवरची सगळी यंत्रं एकदम बडबडत होती. एका यंत्रावर गोदरेजचं नाव होतं. गोदरेजनं १९५५ साली पहिला भारतीय टाइपरायटर काढला, पुढं ही यंत्रं शिरवळला होत, आणि २००९च्या सुमाराला ते काम थांबलं, असं मी सांगितलं.

"शिरवळ? म्हणजे आमच्या जिल्ह्यातलं!" तो यंत्रावर हात फिरवत म्हणाला. "काय थॉक आहे, काका!"

त्या दिवशी मित्राचा ६१ बटणांचा कीबोर्ड त्याच्या पिशवीत होता. त्यानं तो लॅपटॉपला लावून रायरांपुढं ठेवला. रायर ताठ बसले, मनगटं उचलली, आणि समोरच्या कागदावरची नजर न हलवता एक अख्खा परिच्छेद सडकून काढला. मग हात थांबले. त्यांनी कीबोर्ड उचलला, उलटा केला, खालून पाहिला.

"घंटी कुठं आहे? ओळ संपली हे कळायचं कसं?"

आठवडाभर तीनहजारी घंटीच्या मागे होता. तीन हजारांत घंटीसकट.

मी हे सगळं चिडून लिहायला घेतलं होतं, आणि अजूनही माझा राग फारसा उतरलेला नाही. पण पुढचं लपवणं बरं नव्हे. रायरांकडे कोपऱ्यात जुने संगणकही आहेत. परीक्षा संगणकावर न्यायच्या गोष्टी सुरू झाल्यापासून मुली तिथंही बसतात, आणि यंत्रावर कमावलेल्या बोटांनी त्या चपट्या कीबोर्डांचा भुगा करतात. रायरांनी सहज विषय काढला. तीनहजारीनं वही उघडली नाही, पाटी काढली नाही.

"टीव्हीएस गोल्ड घ्या. पोरींना ठोकायची सवय आहे, याचा क्लिक बोटाला कळतो. आणि आकड्यांची बटणं हवीतच, उद्या एंट्रीची कामं मिळतील. बाणही हवेत."

शनिवारी तो एकटाच रिची स्ट्रीटला गेला. त्या दुकानदारानं त्याच्यासाठी पहिल्यांदा बिलबुक उघडलं. घासाघीस अशी केली, की नगामागे चांगले पैसे सुटले. ती लांब खोकी खांद्यावर मारून, लोकांचे टोमणे खात तो बसनं मांबलमला आला, स्वतः जोडून दिले, आणि रात्री दहापर्यंत प्रत्येक स्पेसबारची खडखड आपल्या वंगणानं बंद करत बसला. वंगणाचे पैसे रायर देऊ लागले तेव्हा म्हणाला, ते बजेटात धरायचं नाही.

स्वतः अजून ऑफिसनं दिलेल्या कीबोर्डवर खेळतो. डब्ल्यू, ए, एस, डी ही चार अक्षरं पार पुसली गेली आहेत.

मध्यंतरी तो तापानं पडला, काही शनिवार चुकले. मी बघायला गेलो तर पडल्यापडल्या कुरकुरत होता. "कमाल आहे हो या लोकांची. दुकानवाल्याचा फोन. उडंबु सरि इल्लैया, सार, म्हणून. गिऱ्हाईक आलं नाही तर घरी फोन! सेल्सचे हे नवे फंडे."

"किती वेळ बोलत होता?"

"अर्धा तास."

"नवा माल आलाय म्हणाला असेल."

"कीबोर्डचं नावच नाही काढलं. त्याची मुलगी इंजिनिअरिंगला लागली. तिला लॅपटॉप घ्यायचाय, कुठला घेऊ म्हणून मला विचारत होता." तो उशीला टेकून बसला, आणि गादीखालून वही काढली. "चाळीस हजार बजेट आहे म्हणतो. मी म्हटलं, अण्णा, घाई करू नका."