हवा काढा आधी

जुन्या डिझेल जीपचा मालक गावाला निघतो तेव्हा आधी जीपचं सामान भरतो आणि मग उरलेल्या जागेत कुटुंब बसवतो. कोथरूडच्या एका सोसायटीतले असेच एक मालक हरणैला निघाले. मागच्या समोरासमोरच्या बाकांवर जॅक, टामी, फावडं, ओढायचा पट्टा, वाळूत चाकाखाली घालायच्या दोन पाट्या, फॅनबेल्ट, दोन डिझेल फिल्टर, पाच लिटर ऑइल आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप जाऊन बसले. मालकीणबाईंना एक पिशवी मंजूर झाली, तीही पायाशी धरायच्या अटीवर.

जीप महिंद्राची, एमएम 540, मॉडेल 1994 चं. इंजिन मूळ फ्रेंच प्यूजोचं, एक्सडीपी 4.90. म्हणजे चार सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 90 मिलिमीटर, एकूण 2112 सीसी. ही माहिती सोसायटीच्या वॉचमनला, इस्त्रीवाल्याला आणि पाण्याच्या टाक्या धुवायला येणाऱ्या मुलांनाही पाठ आहे. ज्याने 'गाडी छान आहे हो' एवढंच म्हटलं, त्याला पुढची वीस मिनिटं बॉनेटमध्ये डोकं घालून उभं राहावं लागतं.

कौतुकात तथ्य नाही असं नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीने जी जीप बनवली, तिचे भाग आणून मुंबईत जोडायला स्वातंत्र्यानंतर महिंद्रांनी सुरुवात केली. तोच सपाट मडगार्डचा चेहरा पुढे कित्येक दशकं महाराष्ट्रभर फिरला. पाटबंधारे खात्याचे इंजिनिअर, बीडीओ, फौजदार आणि निवडणुकीतला लाउडस्पीकर हे सगळे याच चेहऱ्यामागे बसून गावात आले. म्हाताऱ्या माणसांना ही जीप दिसली की अजूनही काहीतरी वसुली आली असं वाटतं.

पण कंपनीने केलेली गाडी तशीच ठेवणं हा मालकांच्या मते आळशीपणा. त्यांनी नाना पेठेत फेऱ्या मारमारून ती सुधारली. आधी टायर मोठे झाले. मोठा टायर एका फेऱ्यात जास्त अंतर कापतो, पण मीटरला ते कळत नाही, म्हणून काटा खऱ्यापेक्षा कमी वेग आणि कमी किलोमीटर दाखवतो. डिझेलचा खर्च निघाला की मालक याच मुद्द्याचा आधार घेतात: "मायलेज कमी नाहीये, मीटर कमी दाखवतंय." मग टायर मडगार्डला घासायला लागले, म्हणून कमानपाट्यांच्या शॅकल लांब करून जीप उंच केली. उंच केल्यावर प्रोपेलर शाफ्टचा कोन बदलला आणि त्याचे क्रॉस वारंवार वाजू लागले. आणि मालकीणबाईंना साडी नेसून चढता येईना, म्हणून स्वयंपाकघरातलं स्टूल जीपमध्ये आलं. या सगळ्या बदलांत त्यांच्या उपयोगाची तेवढी एकच वस्तू.

स्नॉर्केलही बसवला. डिझेल इंजिनात ठिणगीचा प्लग नसल्याने ते पाण्यात चटकन बंद पडत नाही. धोका असतो तो हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी जाण्याचा. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉडच वाकतो. म्हणून हवा काचेच्या उंचीवरून घ्यायची. शास्त्र अगदी बरोबर. फक्त या जीपला दारं म्हणून कॅनव्हासचे पडदे आहेत, त्यामुळे तेवढं पाणी आलंच तर ते इंजिनाच्या आधी मालकांच्या मांडीवर येईल.

सोबतीला मेव्हण्याची नवीकोरी डिझेल फोर-बाय-फोर होती. त्याची अडचण वेगळी. एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झाल्यावर डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी जाळी आली. ती काजळी जाळून टाकायला एक्झॉस्ट चांगला तापावा लागतो, आणि घर ते ऑफिस अशा सिग्नल-सिग्नलच्या प्रवासात तो तापत नाही. मग डॅशबोर्डवर दिवा लागतो. मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलंय, दिवा लागला की मोकळ्या रस्त्यावर सलग गाडी चालवा. मेव्हण्याने ते पान बायकोला दाखवून वर्षभरात अर्धा कोकण पाहिला.

पौडच्या पुढे मुळशीचं पाणी दिसायला लागलं आणि जीप दोन आचके देऊन थांबली. डिझेलचा काटा अर्ध्यावर होता. टपावर सहा दिवे बसवताना वायरिंगमध्ये कुणीतरी काहीतरी केलं तेव्हापासून तो कायमच अर्ध्यावर असतो.

"दाजी, डिझेल संपलंय."

"काटा बघ ना, अर्धा आहे."

"टाकीत काठी घालून बघा."

काठी कोरडी आली. मागे डिझेलचा कॅन होता, पण त्याच्या पट्टीला कुलूप होतं आणि किल्ली कोथरूडला देवघरात होती. अखेर टामी पहिल्यांदा उपयोगी पडली, मालकाचंच कुलूप तोडायला.

टाकीत डिझेल ओतलं की काम झालं, हे पेट्रोलवाल्यांचं सुख. डिझेलची टाकी कोरडी झाली की पाइपात हवा शिरते, आणि हवा असली की पंप नोजलपर्यंत दाब पोचवू शकत नाही. एअर काढावी लागते. मालकांनी फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू दोन आटे सैल केला. तेवढ्यात "निव्याला सोडता का?" असं विचारत आलेल्या एका काकांनी, वडाप समजून, आधीच मागे बूड टेकलं होतं. त्यांनाच खाली बोलावून हातपंप मारायला लावलं. स्क्रूच्या कडेने आधी फुसफुस, मग पांढुरका फेस, मग फेसात डिझेलचे थेंब, आणि बऱ्याच वेळाने अखंड, काचेसारखी स्वच्छ धार. धार आली की पंप चालू ठेवूनच स्क्रू आवळायचा, नाहीतर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पुढे नोजलच्या नळ्यांचे नट एकेक सैल करून सेल्फ मारला, तिथेही डिझेल थुंकायला लागल्यावर नट आवळले. चौथा नट आवळायच्या आतच इंजिन धडधडलं. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत डिझेलने माखले होते. निव्याला उतरताना त्यांनी भाडं विचारलं नाही आणि मालकांनीही विषय काढला नाही.

ताम्हिणी उतरून माणगावला मुंबई-गोवा महामार्ग लागला. त्याच्या चौपदरीकरणाचं काम 2011 पासून चालू आहे. कोकणच्या दौऱ्यात फोर-बाय-फोर घेतल्याचं समाधान सरकारी खर्चाने मिळण्याचं हे हमखास ठिकाण. पुढे म्हसळा, हरिहरेश्वर आणि बागमांडला. तिथल्या फेरीबोटीवर पॉवर स्टिअरिंग नसलेली उंच जीप रिव्हर्स घालताना मालकांच्या दंडातून जे गेलं, ते त्यांनी बाणकोटची खाडी ओलांडून वेसवी येईपर्यंत कुणालाही कळू दिलं नाही.

हरणैला पोचले तेव्हा संध्याकाळचा लिलाव रंगात आला होता. होड्या किनाऱ्यापासून थोड्या आत थांबतात, बैलगाड्या सरळ पाण्यात जाऊन मासळी उतरवून आणतात आणि ओल्या वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबीचे वाटे मांडून बोली चालते. मागे समुद्रात सुवर्णदुर्ग. मेव्हण्याने गाडी वर डांबरावर लावली.

"दाजी, खाली नेऊ नका. बीचवर गाडी घातली म्हणून पोलीस गुन्हा दाखल करतात."

बंदीला कारणही आहे. वेळास, आंजर्ले या इथल्याच किनाऱ्यांवर थंडीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, आणि टायरखाली घरटं आलं तर ते वरून कळतही नाही. पण मालकांना बैलगाड्यांच्या चाकोऱ्या दिसत होत्या. जिथे बैलगाडी जाते तिथे जीप जाणारच, असा त्यांचा हिशोब. बैल चालतो खुरांवर आणि जीप चालते टायरवर, हा बारकावा त्यात धरलेला नव्हता.

पन्नास पावलांत मागची चाकं रुतली. मालकांनी गंभीरपणे लहान गिअरचा दांडा ओढला. या गिअरला इंजिनाचा जोर साधारण अडीचपट होऊन चाकांवर येतो. जोर आला, मागची दोन्ही चाकं आणखी खोल गेली आणि पुढची चाकं शांतपणे समुद्राकडे बघत राहिली. कारण जुन्या जीपच्या पुढच्या चाकांना हब असतात. ते हाताने 'फ्री'वरून 'लॉक'ला फिरवल्याशिवाय पुढच्या धुऱ्याचा जोर चाकात जातच नाही. मालक उतरले, वाळूत गुडघे टेकून दोन्ही हब फिरवले. पुन्हा दांडा, पुन्हा जोर. आता पुढचं एक चाक आणि मागचं एक चाक भिंगरीसारखी फिरायला लागली, उरलेली दोन जागची हलेनात. साधा डिफरेन्शियल असाच वागतो. ज्या चाकाला पकड नाही ते गरगरत राहतं आणि पकड असलेल्याला हलवण्याइतका जोर उरतच नाही. एवढा खर्च करून वाळूत फोर-बाय-फोर म्हणजे प्रत्यक्षात दोनच चाकांची धडपड, हे जाहिरातीत छापत नाहीत.

भरती चढत होती. लिलाव थांबला नाही, पण निम्मी गर्दी इकडे वळली. एक बैलगाडीवाला बर्फाच्या पेट्या उतरवून आला, जीपभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाला, "काका, हवा काढा आधी."

"पण लो गिअर..."

"ते असू दे. हवा काढा."

चारही चाकांची हवा पंधरा पौंडांपर्यंत उतरवली. दाब कमी झाला की टायर पसरतो, लांब होतो, तेच वजन जास्त वाळूवर वाटलं जातं आणि चाक रुतण्याऐवजी वर चालतं. आजवरच्या सगळ्या सुधारणांत ही एकच फुकट होती, आणि काम हिनेच केलं. पट्टा बैलगाडीच्या आसाला बांधला, फावड्याने चाकापुढची वाळू सारली, दहा-बारा जण मागून भिडले. बैलांनी फक्त पहिला हिसका दिला. जीप हलली, दुसऱ्या गिअरमध्ये न थांबता थेट डांबरावर चढली आणि त्या भरात मेव्हण्याच्या गाडीच्या पुढे जाऊन थांबली.

मालकांनी पाकीट काढलं. गाडीवाला म्हणाला, "पैशाचं राहू द्या. त्या पोराला सांगा, शूटिंग बंद कर. माझे बैल बुजतात."

मेव्हण्याने शूटिंग बंद केलं, पण ते घरच्या ग्रुपवर आधीच गेलं होतं.

हवेचा पंप बाहेर आला, चारही टायर भरायला पाऊण तास लागला आणि बॅटरी बसली. जुन्या यांत्रिक डिझेलचं एक बरं, उतारावरून ढकललं की चालू होतं. दापोलीत सर्व्हिसिंग सेंटर गाठून चेसिस खालून गोड्या पाण्याने दोनदा धुऊन घेतली, हबमध्ये नवं ग्रीस भरलं. खारं पाणी पत्र्यात राहिलं तर जीप गंजायला दुसरं काही लागत नाही.

पुढच्या महिन्यात जीपचं पासिंग होतं. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, नंतर दर पाच वर्षांनी फिटनेस दाखवून ती वाढवून घ्यावी लागते. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचं, गाडीत केलेल्या बदलांबद्दलचं कलम 52 मालकांना नवं नव्हतं, फक्त त्यांनी ते स्वतःला लावून पाहिलं नव्हतं. समोरच्या जाड लोखंडी बंपरविरुद्ध केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं. आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की नोंदणीपत्रात कंपनीचे जे तपशील आहेत त्यांच्याशी जुळणार नाही असा बदल गाडीत करता येणार नाही.

मिस्त्रींनी दोन दिवस खोलाखोल केली. बंपर, सहा दिवे, स्नॉर्केल, मोठे टायर, लांब शॅकल, सगळं निघालं. ढीग मेव्हण्याच्या पार्किंगमध्ये गेला, तिथे आता त्याची स्वतःची गाडी तिरकी लावावी लागते. जीप कारखान्यातून निघाली तशी झाली, आणि दिवे उतरवताना वायरिंग सरळ केल्यामुळे डिझेलचा काटाही खरं बोलायला लागला. पासिंग झालं.

"साहेब, परत कधी बसवायचं सगळं?" मिस्त्रींनी विचारलं.

मालक तारीख काढत होते, तेवढ्यात मालकीणबाई स्टुलाशिवाय एका पायरीत जीपमध्ये चढून बसल्या होत्या. तिथूनच म्हणाल्या, "दादाच्या पार्किंगमध्येच राहू द्या. महिन्याचं भाडं काय होईल ते मला सांगा, मी देते."