मला काढ!

मराठीत ‘काढणे’ या क्रियापदानं फार उद्योग अंगावर घेतलेले आहेत. दूध काढतात, कर्ज काढतात, खोडी काढतात, उणीदुणी काढतात आणि चित्रही काढतात. त्यामुळे वेबकॉमिक काढणाऱ्या मराठी माणसाकडे येणाऱ्या विनंत्या दोन प्रकारच्या असल्या तरी शब्द तेच असतात. पहिल्या महिन्यात, ‘ए, मला काढ ना!’ आणि दुसऱ्या महिन्यात, ‘आधी मला काढ त्यातून!’

प्रस्तुत लेखक या दोन्ही टप्प्यांतून गेलेला आहे. त्याचा एक मित्र दिवसा विम्याचे दावे तपासतो आणि रात्री टॅबलेटवर चार चौकटींचं कॉमिक काढून इन्स्टाग्रामवर टाकतो. एक हाउसिंग सोसायटी, तिची सारखी बंद पडणारी लिफ्ट आणि लिफ्टमध्ये अडकलेल्यांचे संवाद, एवढाच त्याचा संसार. लेखकानं त्याच्यामागे सहा महिने भुणभुण लावली. लिफ्ट एवढी मोठी आहे, एका माणसाला जागा नाही का, वगैरे. शेवटी मित्र कंटाळून म्हणाला, ‘बरं, रविवारी बघ.’

रविवारी लेखकानं बघितलं. लिफ्टच्या कोपऱ्यात एक पाठमोरा गृहस्थ, हातात दुधीभोपळा, डोक्यावर मोजून पाच केस. लेखकानं तडक फोन लावला. दुधी एकवेळ चालेल, पण केस निदान सात तरी हवेत, असा माफक आग्रह धरला. मित्र शांतपणे म्हणाला, ‘तो तू नाहीयेस. तिसऱ्या चौकटीत लिफ्टच्या दारात छत्री अडकलीय ना? ती ओढणारा हात तुझा.’

मग दुधीवाला कोण? कोणीच नाही. जागा रिकामी दिसत होती म्हणून काढलेला माणूस. मात्र संध्याकाळपर्यंत मित्राला आणखी चार दुधीवाल्यांचे फोन आले होते. दोघे खूश होते, एक रागावला होता आणि चौथ्याच्या बायकोनं चित्राची प्रिंट मागितली होती.

या दुखण्यावर एका अमेरिकन माणसानं नामी तोडगा काढला आहे. रँडल मन्रो हा भौतिकशास्त्राचा पदवीधर. काही काळ नासाच्या लँगली केंद्रात काम केलं आणि २००५ पासून ‘एक्सकेसीडी’ नावाचं वेबकॉमिक काढतो. नावाचा अर्थ विचाराल तर काहीच नाही. शब्द म्हणून उच्चारता येणार नाहीत अशी चार अक्षरं त्यानं मुद्दाम निवडली. चित्रं त्याहून साधी. डोक्याच्या जागी गोल आणि खाली पाच काड्या. नाक नाही, डोळे नाहीत, पोट नाही. नातेवाइकांचा याहून पक्का बंदोबस्त प्रस्तुत लेखकाच्या तरी पाहण्यात नाही. तक्रार करणार कशाची? माझी काडी वाकडी आली म्हणून?

पण माणसं काड्यांमध्येही शिरतात. २००७ साली मन्रोनं मुक्त सॉफ्टवेअरचे पुरस्कर्ते रिचर्ड स्टॉलमन यांना एका कॉमिकमध्ये आणलं. मध्यरात्री निंजा हल्ला करायला येतात आणि स्टॉलमन अंथरुणाशेजारच्या तलवारी उपसून उभे राहतात, असा काहीसा प्रकार. गंमत म्हणून वाचायचं आणि पुढे जायचं. वाचक पुढे गेले नाहीत. कोणी स्टॉलमनना खरोखरची जपानी तलवार भेट दिली. त्याच वर्षी ऑक्टोबरात ते येल विद्यापीठात बोलायला गेले, तर विद्यार्थी निंजांच्या वेषात चालून आले. कॉमिकमध्ये जो येतो त्याला पुढे कॉमिकप्रमाणे वागावं लागतं, हे ‘मला काढ’ म्हणणाऱ्यांना कोणी आधी सांगत नाही.

लेखक कोरी डॉक्टरो यांचीही तीच गत. मन्रोनं त्यांना लाल झूल आणि गॉगल चढवून उंच हवेतल्या फुग्यात बसवलं. लगेच २००७ सालीच इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन या संस्थेनं त्यांना पुरस्कार दिला, तेव्हा सोबत लाल झूल आणि गॉगलही दिला. आपल्याकडे शाल-श्रीफळ देतात, तसंच. फरक इतकाच की आपली शाल कपाटात जाते, आणि डॉक्टरोंना त्यांची झूल चारचौघांत अंगावर घ्यावी लागली.

आता वाचकांकडे वळू. ‘वाचकाला विनोद कळला नाही’ ही तक्रार चित्रकार नेहमी करतात, पण विनोद न कळणारा वाचक खरं तर निरुपद्रवी. तो ‘छान’ असं लिहून एक हात जोडल्याची खूण टाकतो आणि झोपी जातो. खरी पंचाईत करतो तो विनोद मनावर घेणारा. मार्च २००७ मध्ये मन्रोनं एका स्वप्नाची गोष्ट काढली. स्वप्नात एक मुलगी नायकाच्या कानात आकडे पुटपुटते. ते निघतात अक्षांश, रेखांश, तारीख आणि वेळ. नायक त्या दिवशी त्या जागी जाऊन थांबतो. कोणीच येत नाही. कॉमिक संपलं. थोडंसं उदास, पण सरळ.

आकडे मात्र कॉमिकमध्ये छापलेले होते. जागा मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज गावातल्या एका लहानशा बागेची आणि तारीख २३ सप्टेंबर २००७. जग कितीही मोठं असलं तरी इतका नेमका पत्ता दिल्यावर माणसं येणारच. शेकडो आली. कोणीच आलं नाही, असं सांगणाऱ्या गोष्टीला इतकी गर्दी! मन्रोलाही जावं लागलं. आपल्याकडे लग्नपत्रिकेवर नकाशा, गूगलची खूण आणि ‘बसथांब्यासमोर’ असं तिन्ही छापूनही पाहुणे दुसऱ्याच कार्यालयात जेवून येतात, त्या पार्श्वभूमीवर हे विशेष मानलं पाहिजे.

आणखी एकदा त्यानं रोलरकोस्टरवर बसून बुद्धिबळ खेळणारी माणसं काढली. वाचक सोंगट्या पटावर चिकटवून खऱ्या रोलरकोस्टरवर बसले, उलटेपालटे होताना डोक्याला हात लावून विचारमग्न चेहरे केले आणि फोटो पाठवून दिले. २०११ च्या ऑगस्टमध्ये त्यानं समजावलं की पासवर्डमध्ये चित्रविचित्र चिन्हं कोंबण्यापेक्षा चार असंबद्ध साधे शब्द एकापुढे एक ठेवले, तर ते लक्षात राहायला सोपे आणि ओळखायला अवघड. उदाहरणादाखल त्यानं बरोबर, घोडा, बॅटरी आणि स्टेपलरची पिन यांना इंग्रजीत एका ओळीत उभं केलं. सल्ला शहाणपणाचा होता. पण काही महाभागांनी सल्ल्याऐवजी उदाहरणच उचललं. इतकं, की नोंदणी करताना कोणी हाच पासवर्ड टाकला तर ड्रॉपबॉक्स त्याला थट्टेनं दटावत असे: वेबकॉमिकचा सल्ला इतका शब्दशः घेऊ नका. गणिताच्या बाईंनी फळ्यावर सोडवून दाखवलेलं उदाहरणच परीक्षेत उतरवणारी मुलं मोठेपणी कुठे जातात, हे यावरून कळतं.

तरी मन्रोचं बरं म्हणायचं. त्याच्या आधी वर्तमानपत्रांतून ‘द फार साइड’ काढणाऱ्या गॅरी लार्सनचं काय झालं पाहा. ऑक्टोबर १९८२ मध्ये त्यानं एक गाय काढली. ती दोन पायांवर उभी आहे, समोर टेबल, टेबलावर चार ओबडधोबड वस्तू. खाली फक्त दोन शब्द: गायीची अवजारं. लार्सनच्या डोक्यात एवढंच होतं की गायीनं अवजारं बनवलीच तर ती काही फार सुबक व्हायची नाहीत. बस्स.

अमेरिका हवालदिल झाली. वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत फोन वाजू लागले, पत्रांचे ढीग आले, वार्ताहर लार्सनला गाठून अर्थ विचारू लागले. शिकलेसवरलेले लोक त्या चार वस्तू निरखत बसले. चूक आपलीच, असं लार्सननं नंतर कबूल केलं: चारांपैकी एक वस्तू त्यानं करवतीसारखी काढली होती. एक ओळखू आली म्हटल्यावर उरलेल्या तीनही ओळखता आल्या पाहिजेत, असं वाचकांनी धरलं आणि कोड्यासारखं डोकं लावलं. शेवटी त्याला रीतसर निवेदन काढून खुलासा करावा लागला. (पुन्हा तेच क्रियापद.) विनोदाचं निवेदन काढावं लागण्यापेक्षा कर्ज काढलेलं बरं.

लार्सनच्या नशिबी दुसरा घोळ होता तो नावाचा. १९८७ मध्ये त्यानं एक चिंपांझी जोडपं काढलं. बायको नवऱ्याच्या अंगावरचा सोनेरी केस चिमटीत धरते आणि पुन्हा त्या जेन गुडालबरोबर ‘संशोधन’ चाललंय का, असं फणकाऱ्यानं विचारते. चिंपांझींच्या अभ्यासक असलेल्या खऱ्या गुडालबाईंच्या संस्थेकडून वकिली थाटाचं संतप्त पत्र आलं. बाई तेव्हा आफ्रिकेत होत्या. त्यांनी चित्र पाहिलं आणि त्यांना ते फार आवडलं! पुढे त्या चित्राचे टी-शर्ट निघाले, त्यांचं उत्पन्न त्याच संस्थेला गेलं आणि बाईंनी लार्सनच्या एका पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. मुलाच्या थट्टेवर मुलगा हसतो आणि मुलाचे काका रुसतात, हा न्याय फक्त आपल्या लग्नांपुरता नाही तर. हिशेब पुरा केला तो चिंपांझीनं. १९८८ मध्ये लार्सन बाईंच्या आफ्रिकेतल्या गोंबे केंद्राला गेला असताना तिथल्या फ्रोडो नावाच्या दांडगट नरानं त्याला चांगलंच बुकललं. फ्रोडोला व्यंगचित्र दाखवलं होतं की काय, कळायला मार्ग नाही.

या लार्सनला स्वतःला मात्र न मागता एक जागा मिळाली. १९८९ मध्ये एका जीवशास्त्रज्ञानं घुबडाच्या पिसांत राहणाऱ्या एका उवेला लार्सनचं नाव दिलं. लार्सननं हा मोठा सन्मान मानला. कारण हंसाला आपलं नाव द्यायला कोणी येणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. असं समाधान ‘मला काढ’वाल्यांकडे सापडत नाही. त्यांना हंसच हवा असतो, आणि तोही डावीकडून.

मग गैरसमज टाळायला शब्दच गाळले तर? १९२५ साली जन्मलेल्या व्यंगचित्रकार शि. द. फडणीसांनी तोच मार्ग धरला. बसथांब्यावर एका तरुणीच्या साडीवर उंदीर आणि शेजारच्या तरुणाच्या शर्टावर मांजरं, हे त्यांचं ‘मोहिनी’ मासिकाचं मुखपृष्ठ समजायला कोणाला निवेदन लागलं नाही. पण हे प्रत्येकाला जमत नाही. गोव्यातल्या लोटलीच्या व्यंगचित्रकार मारिओ मिरांडाला शाळेत पाद्र्यांची चित्रं काढल्याबद्दल बोलणी खावी लागली होती, आणि त्या पाद्र्यांनी ‘मला काढ’ असं म्हटल्याचं ऐकिवात नाही. नागपूरच्या रोहन चक्रवर्तीची चाल सगळ्यात शहाणपणाची. दंतवैद्यकाचं शिक्षण घेतलेला हा माणूस नागझिऱ्याच्या पाणवठ्यावर वाघीण डुंबताना पाहून जंगलाच्या नादी लागला आणि २०१० पासून ‘ग्रीन ह्यूमर’ काढू लागला. त्याच्या चौकटींत वाघ, बेडूक, गिधाडं. ‘माझे पट्टे दोन कमी आलेत’ म्हणून वाघीण रात्री साडेदहाला फोन करत नाही.

बाकीच्यांचं कॉमिक शेवटी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पोहोचतं. तिथे खालची सही कापलेली असते, चौथी चौकट कापलेली असते आणि वर लिहिलेलं असतं, ‘अगदी आपल्या बंडूमामांसारखं!’ के. सी. ग्रीन या अमेरिकन चित्रकाराचा, घराला आग लागलेली असताना कॉफी पीत ‘सगळं ठीक आहे’ म्हणणारा कुत्रा असाच जगभर फिरला. मूळ कॉमिक जानेवारी २०१३ चं आणि सहा चौकटींचं आहे. पुढच्या चौकटींत कुत्र्याचा चेहरा वितळतो. पण बहुतेकांपर्यंत पहिल्या दोनच पोहोचल्या.

आणि मग ‘पीनट्स’ काढणारा चार्ल्स शुल्झ. ‘मला काढ’ म्हणणं आणि विनोद मनावर घेणं, या दोन्ही व्याधींचं मूळपीठ तोच. मिनियापोलिसच्या चित्रकलेच्या संस्थेत शिकवत असताना त्याचा चार्ली ब्राउन नावाचा एक सहकारी होता. शुल्झनं त्याची परवानगी घेऊन आपल्या गोल डोक्याच्या पोराला त्याचं नाव दिलं. खरा चार्ली चित्र बघायला आला आणि हिरमुसला. त्याला वाटलं होतं, कोणीतरी रुबाबदार असेल. इतकी साधी अपेक्षा! तिथल्याच लायनस आणि फ्रीडा या मित्रमंडळींचीही नावं त्या कॉमिकमध्ये गेली. १९६६ साली त्यावरून काढलेला हॅलोविनचा कार्यक्रम टीव्हीवर दाखवला. त्यात इतर मुलांच्या पिशवीत गोळ्या-चॉकलेटं पडतात आणि चार्लीच्या पिशवीत दरवेळी दगड. पुढे कित्येक वर्षं ठिकठिकाणची मुलं शुल्झच्या कचेरीत चार्लीसाठी खाऊचे खोके पाठवत राहिली. आपल्या वाचकांचा गैरसमज झाला, असं हे पाहून म्हणायची छाती होत नाही.

त्याच संस्थेत लाल केसांची एक मुलगी होती. तिनं चित्रात येण्याची विनंती कधी केली नव्हती. शुल्झनं मात्र १९५० मध्ये तिला लग्नाची मागणी घातली होती, आणि ती तिनं नाकारली. कॉमिकमध्ये ती आली १९६१ मध्ये, ‘छोटी लाल केसांची मुलगी’ म्हणून. चार्ली बाकावर बसून डबा खाता खाता तिच्याबद्दल बोलत राहिला, पण ती कायम चौकटीबाहेर. कॉमिक फेब्रुवारी २००० पर्यंत चाललं. तेवढ्या काळात शुल्झनं तिला एकदाच दाखवलं, १९९८ मध्ये, तेही नुसती काळी आकृती म्हणून. नाक, डोळे, केसांचा रंग, काही नाही. ‘मला काढ’ असं दोन्ही अर्थांनी एकदाही न म्हणता जवळजवळ चाळीस वर्षं कॉमिकमध्ये राहिलेली, प्रस्तुत लेखकाच्या माहितीतली ही एकमेव व्यक्ती. लेखकाची छत्री दुसऱ्याच रविवारी लिफ्टच्या दारातून निघाली, आणि सोबत हातही गेला.